आठवीत उघडायची फाइल

मे महिन्यातली दुपार. एटापल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात पंखा गरम हवाच फिरवत होता. बारावी झालेली एक मुलगी आणि तिचे वडील काउंटरपाशी उभे होते. वडील तेंदूपत्त्याच्या फळीवरून, म्हणजे संकलन केंद्रावरून, तसेच आले होते. सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून त्यांच्या बोटांची पेरं काळी पडली होती. मुलीच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, आणि तिच्यात सगळे कागद. दुकानदाराने ते काउंटरवर पत्त्यांसारखे पसरले. टीसीवर आडनाव 'आत्राम', जातीच्या दाखल्यावर 'अत्राम', आधार कार्डावर इंग्रजीत तिसरंच काही.

"कोणतं धरू?" त्याने विचारलं. मुलीने वडिलांकडे पाहिलं.

"मास्तरनं लिवलं तेच हाय जी," वडील म्हणाले.

कोणत्या मास्तरने, कोणत्या साली, हे कुणी विचारलं नाही. मी तिथे माझ्या कामासाठी गेलो होतो, पण ज्युनिअर कॉलेजात शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे पिशवीतून कागद निघताना दिसले की पाय हलत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलाचा कॉलेजचा अर्ज बारावीनंतर भरला जातो हा आपला गैरसमज आहे. गुरुजी दाखल-खारीज रजिस्टरात नाव, जात आणि सोयीची एखादी जन्मतारीख लिहितात, त्या दिवशीच अर्जाच्या पहिल्या तीन रकान्यांचा निकाल लागलेला असतो. पुढची बारा वर्षं त्या ओळीकडे कुणी बघत नाही. मग जूनच्या तीन आठवड्यांत ती ओळ सगळ्यांच्या मानगुटीवर बसते.

कॉलेजची तयारी म्हटलं की पुण्या-नागपुरात क्लास, टेस्ट सिरीज आणि टक्के डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत नववीपासून निबंध, शिफारसपत्रं आणि शाळेबाहेरच्या उद्योगांची जुळवाजुळव सुरू होते. आपल्याकडचा अर्ज यापैकी काही मागत नाही. तो मागतो प्रवेश परीक्षेचे गुण, दाखल्यांचा गठ्ठा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम. कागदावर हे सोपं वाटतं, सगळ्यांना सारखंही वाटतं. पण मुलगा किंवा मुलगी भामरागड, कोरची, जिवतीची असेल, तर या तिन्हींच्या आधी आणखी तीन गोष्टी आडव्या येतात: जुना कागद, जंगलाचा हंगाम आणि रस्ता.

आधी एक खुलासा. 'चंद्रपूर-गडचिरोली' हे जोडनाव आपण फार सहज वापरतो. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वरोरा या पट्ट्यात कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद आहे. वसाहतींमधल्या इंग्रजी शाळा आहेत, खासगी क्लास आहेत, आणि नागपूरची रेल्वे आहे. ब्रह्मपुरी तर आसपासच्या चार तालुक्यांचं शिक्षणाचं गाव आहे. पण याच चंद्रपूर जिल्ह्यात जिवती-कोरपन्याकडचे कोलामगुडे आहेत, आणि तिथलं मूल घुग्घुसच्या मुलापेक्षा भामरागडच्या मुलाच्या जास्त जवळचं आहे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला हा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार, त्यात अनुसूचित जमाती ३८.७ टक्के. कित्येक वर्षं जिल्ह्याला रेल्वे म्हणजे एकटं वडसा स्टेशन. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण गाठायला दोनशेच्या वर किलोमीटर. बाजूला गोदावरी ओलांडली की तेलंगण. त्यामुळे सिरोंच्याच्या पोरांना गडचिरोली परकी आणि मंचेरियाल ओळखीचं वाटलं तर त्यांना बोल लावता येत नाही.

कॉलेजं नव्हती अशातला भाग नाही. बाबा आमट्यांच्या आनंदवनात, वरोऱ्याला, १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चं. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून हे दोन जिल्हे काढून गोंडवाना विद्यापीठ झालं. २०१५ मध्ये चंद्रपूरला आणि २०२४ मध्ये १०० जागांसह गडचिरोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. गडचिरोली आणि मूल इथे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची कृषी महाविद्यालयं आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी हे ऐकून थक्क होईल.

मात्र जिल्ह्यात कॉलेज आलं म्हणजे जिल्ह्यातल्या पोरांना जागा आल्या, असा समज गावोगावी आहे आणि तो मोडण्यात माझा बराच वेळ जातो. वैद्यकीय प्रवेशात विभागाप्रमाणे ७०:३० अशी वाटणी होती, ती २०२० मध्ये रद्द झाली. आता गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या राज्याच्या जागांवर लातूर आणि नाशिकचं मूल गडचिरोलीच्या मुलाइतक्याच हक्काने येतं. अनुसूचित जमातीच्या ७ टक्क्यांत नंदुरबारपासून नांदेडपर्यंतचे सगळे एकाच रांगेत असतात. माडिया आणि कोलाम या आदिम जमाती म्हणून नोंदल्या आहेत, पण प्रवेशाच्या यादीत त्यांचा वेगळा वाटा नाही. अभियांत्रिकीत उलटा प्रकार आहे. तिथे बऱ्याच कॉलेजांत 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांसाठी मोठा वाटा असतो, आणि होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठून पास झालात त्यावरून. गोंडवाना वेगळं झाल्यावर इथल्या मुलांसाठी नागपूरची कॉलेजं 'बाहेरची' झाली. विद्यापीठ जवळ आलं आणि नागपूर लांब गेलं, असा हा हिशेब. अकरावीचा फॉर्म भरताना तो एकाही पालकाला कुणी सांगत नाही.

आणखी एक घोळ नेहमीचा. ओबीसी आरक्षण गडचिरोलीत ६ टक्के आणि चंद्रपुरात ११ टक्के झाल्याचा राग इथे वर्षानुवर्षं होता, आणि रास्त होता. पण ते जिल्हास्तरीय नोकरभरतीचं प्रकरण. कॉलेजच्या प्रवेशाला राज्याचीच टक्केवारी लागते. तरी 'आमाले तर सहाच टक्के हाय' म्हणून फॉर्मच न भरलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

आरक्षणातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बोलीत 'व्हॅलिडिटी'. महाराष्ट्रात यासाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे, तपासणी समित्या आहेत, आणि अनुसूचित जमातींसाठीची एक समिती गडचिरोलीतच आहे. पुरावा मागतात तो ठरावीक तारखेच्या आधीचा: अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबा कुठे राहत होते आणि त्यांची जात कुणी तरी कुठे तरी लिहून ठेवली का, याचा शोध. पणजोबा शाळेत गेले असते तर दाखल-खारीजची नक्कल मिळाली असती. ते गेले नाहीत. जमीन नावावर असती तर १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात नाव सापडलं असतं. माडिया माणूस डोंगरउतारावर जागा बदलत शेती करत होता, ती कोण नावावर लावणार?

मग उरते कोतवाल पंजी. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठाण्याला किंवा तहसीलला पोचवायचा. त्या जुन्या वह्यांत एका ओळीत मुलाचा जन्म, बापाचं नाव, जात आणि गाव असतं. मूल झालं तेव्हा त्याचं नाव ठेवलेलं नसायचं, म्हणून नोंद 'एक मुलगा' किंवा 'एक मुलगी' एवढीच. तो 'एक मुलगा' म्हणजेच आमचे आजोबा, हे सिद्ध करायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. काही नोंदी हिंदीत, कारण तेव्हा हा मुलूख मध्यप्रांतात होता. अक्षर किरटं, कागद हात लावला की तुटेल असा. मी एकदा एका विद्यार्थ्याच्या पणजोबांचं नाव शोधायला अभिलेख कक्षात बसलो होतो. नाव 'डोबा' की 'दोबा' यावर कारकून आणि मी अर्धा तास खल केला. तो पोरगा मधेच म्हणाला, "सर, आमच्यात दोन्ही म्हणतेत." खरं सांगायचं तर उत्तर तेच होतं, पण रकान्यात ते बसत नव्हतं.

समितीचं समाधान झालं नाही तर दक्षता पथक गावी येतं. देव कोणते, लग्नं कशी लागतात, मयत पुरता की जाळता, असं विचारतं. याला जमातीशी 'आप्तभाव' तपासणं म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे असं स्पष्ट केलं, तेव्हा कुठे जुन्या कागदाला त्याचं वजन परत मिळालं. माना समाजाची कहाणी आणखी लांबलेली. ते गोंडांची पोटजमात नाहीत, स्वतंत्र जमात आहेत, हे ठरायला प्रकरण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली निर्वासित वस्त्यांत वेगळीच अडचण आहे. नमःशूद्र बंगालमध्ये अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. त्या घरातलं मूल दहावीपर्यंत दोन भाषा शिकतं आणि फॉर्मवर खुल्या गटाची खूण करतं.

हा सगळा खटाटोप बारावीच्या निकालानंतर सुरू केला तर तो पुरा होत नाही, एवढं सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सरकार बहुतेक वर्षी वैधता सादर करायला मुदतवाढ देतं आणि लोक तिच्यावर विसंबून राहतात. मुदत संपते, प्रवेश खुल्या गटात फिरतो, फी भरता येत नाही, मूल घरी येतं. अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला की कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे: कागद गोळा करायला आठवीत लागावं. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, आणि फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला काढावाच लागतो. तहसीलची पायरी चढलोच आहोत तर कोतवाल पंजीची नक्कल, आजोबांचा टीसी आणि आडनावाची दुरुस्ती त्याच वर्षी करून घ्यावी. शाळेच्या रजिस्टरातली चूक मूल शाळेत असेपर्यंत सुधारणं सोपं असतं. एकदा टीसी हातात पडला की तीच चूक दुरुस्त करायला शिक्षणाधिकाऱ्यांच्या फेऱ्या आणि राजपत्र. गंमत अशी की एनएमएमएस शासकीय निवासी शाळांतल्या मुलांना लागू नाही. म्हणजे ज्या आश्रमशाळांतल्या मुलांना फाइलची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच आठवीत ती उघडायचं निमित्त मिळत नाही.

या कामात अनपेक्षित ठिकाणाहून मदत झाली आहे. गडचिरोली पोलिसांनी दुर्गम ठाण्यांत 'दादालोरा खिडकी' सुरू केली, तिथे दाखल्यांचे अर्ज भरून घेतात. पोलीस ठाण्यात जातीचा दाखला मिळतो हे पुण्याच्या मित्राला सांगितलं तर तो हसतो. पण जिथे सेतू केंद्र चाळीस किलोमीटरवर आणि ठाणं चार किलोमीटरवर, तिथे हसू येत नाही.

दुसरी अडचण कॅलेंडरची, आणि ती मंत्रालयातून दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. पहाटे तीन-चारला टोपल्या घेऊन झाडाखाली जावं लागतं, कारण उजाडल्यावर गुरं आणि हरणं फुलं सोडत नाहीत. त्याच पहाटे सीईटीच्या अभ्यासाच्या. एप्रिलअखेर तेंदूपत्ता सुरू होतो. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, पण त्या दिवसांत घरातली सगळी माणसं रानात असतात, कारण वर्षातली रोकड तीच. पेसा आणि वनहक्कामुळे बऱ्याच ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात. पैसे वाढले, तशी घरातल्या प्रत्येक हाताची किंमतही वाढली. अलीकडची वर्षं पाहिली तर नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येते आणि एमएचटी-सीईटी एप्रिल-मेमध्ये. बारावीचं मूल दोन आठवडे पुडे बांधतं आणि मधे एक दिवस परीक्षा देऊन येतं. कुणावर रागवायचं? तोच पैसा पुढे प्रवेशाच्या भाड्याला लागणार असतो.

तिसरी अडचण रस्त्याची. जून-जुलैत निकाल, केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्या, कागदपत्रांची तपासणी, आणि बाहेर पाऊस. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढल्याची बातमी दर पावसाळ्यात किती वेळा वाचली, याची मोजदाद सोडली आहे. पाणी चढलं की तालुक्याचा संपर्क तुटतो, वीज जाते, टॉवर बंद पडतो. त्याच आठवड्यात मुंबईतल्या सर्व्हरवर घड्याळ चालू असतं: आज संध्याकाळी पाचपर्यंत जागा स्वीकारा, नाही तर ती गेली. एका मुलाच्या हातात वैधतेचा कागद होता, गुण पुरेसे होते, जागा लागली होती. दोन दिवस पूर ओसरला नाही. पोर्टलला त्याची वाट पाहायला सांगणार कोण? पुरामुळे संपर्क तुटलेल्या तालुक्यांना चोवीस तासांची आपोआप सवलत, एवढी एक ओळ नियमात घालायला फार खर्च येणार नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं 'मिशन शौर्य'मध्ये एव्हरेस्टवर गेली आणि त्यांतली पाच शिखरावर पोचली. त्यांना महिनोन्‌महिने प्रशिक्षण दिलं, शिक्षक दिले, चांगले बूट दिले. त्याच शाळांत बारावीच्या मुलाशेजारी बसून पसंतीक्रम भरायला एक माणूस नेमावा, हे त्या मानाने सखल प्रदेशातलं काम आहे.

पसंतीक्रमाचं महत्त्व आता अकरावीपासूनच आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी गडचिरोलीत अकरावीला जाणं म्हणजे निकालाची झेरॉक्स घेऊन जवळच्या कॉलेजात जाणं. आता दहापर्यंत कॉलेजं क्रमाने भरायची, आणि पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर तेच घ्यायचं, नाही तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. नेट कॅफेवाल्याने स्क्रीनवर दिसली तशी दहा कॉलेजं ओळीने भरून टाकली आणि मुलीला घरापासून साठ किलोमीटरवरचं पहिलं नाव लागलं, हे माझ्या ओळखीतल्या घरात घडलं. तिथे वसतिगृह नव्हतं. मानव विकास मिशनची बस आणि सायकल मुलींसाठी मोठा आधार, पण त्यांनी साठ किलोमीटर कापले जात नाहीत. मुलीने शेवटी गावातल्याच कॉलेजात कला शाखेला नाव घातलं.

कला शाखा वाईट नाही, हे मी कला शाखेतही शिकवून म्हणतो. भामरागडचे ॲड. लालसू नोगोटी हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेत शिकले आणि माडिया समाजातले पहिले वकील झाले. पण जवळ विज्ञान शाखा नाही म्हणून कला, ही निवड नव्हे. सोळाव्या वर्षी, एका ऑनलाइन फॉर्मवर, जीवशास्त्र की गणित हे ठरतं आणि त्याबरोबर पुढच्या चाळीस वर्षांचे बरेच दरवाजे. गणित सोडलं की अभियांत्रिकी गेलं. कृषी, वनशास्त्र, नर्सिंग, फार्मसी यांना काय लागतं हे दहावीच्या वर्गात कुणी फळ्यावर लिहून दाखवत नाही. शेतकरी घराच्या मुलाला कृषी प्रवेशात सातबाऱ्यावर जादा गुण मिळतात, हे मी एका पालकसभेत सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून थेट घरी गेले. सातबारा शोधायला.

ज्यांना परवडतं त्यांची वेगळी तऱ्हा. मूल नागपूरला किंवा लातूरला क्लासमध्ये, आणि नाव एखाद्या खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजात. 'टाय-अप'चा हा धंदा मोडायला सरकारने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. तो कितपत लागू झाला हे विदर्भातल्या कुठल्याही प्राध्यापकाला खासगीत विचारा. तक्रार नैतिकतेची नाही, किंवा थोडीशी आहेच. खरी तक्रार ही की या व्यवहारात तालुक्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा मरते आणि तिथे खरोखर बसणाऱ्या पाच-दहा मुलांना टायट्रेशन फक्त पुस्तकातल्या चित्रात दिसतं.

भाषेचा प्रश्न सगळ्यांत कमी बोलला जातो. माडिया घरातलं मूल पहिलीत मराठीला परभाषा म्हणून भेटतं. दहावीपर्यंत ती आपलीशी होते, तोच अकरावी विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत येतं. नीटचा पेपर २०१७ पासून, जेईई मेनचा २०२१ पासून मराठीत मिळतो. सीईटीतही भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत घेता येतं, गणित मात्र इंग्रजीत. हे हक्क चांगलेच आहेत. पण दोन वर्षं 'ऑस्मोसिस' वाचलेल्या मुलासमोर परीक्षेत 'परासरण' आलं की ते गोंधळतं आणि मराठीचा पर्याय निवडल्याचा पश्चात्ताप करतं. नववी-दहावीत दोन्ही शब्द जोडीने शिकवले तर हा गोंधळ होणार नाही. विज्ञानाच्या वहीत उजव्या समासात मराठी आणि डाव्या समासात इंग्रजी शब्द, एवढाच उपाय मी वर्गात करत असे. पोरं त्याला 'नवरा-नवरी वही' म्हणायची. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या ८० टक्के वजन असतं, हे तरी निदान अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मुलांना कळायला हवं. आमच्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष समजतात.

क्लासच्या बाबतीत चित्र पूर्वीइतकं रिकामं नाही. घोट आणि तळोधी (बाळापूर) इथल्या नवोदय विद्यालयांतल्या मुलांना दक्षणा फाउंडेशनच्या निवड परीक्षेतून जेईई-नीटचं मोफत निवासी प्रशिक्षण मिळू शकतं. 'महाज्योती' ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना दहावीनंतर टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देते. ज्या गावात टॉवर नाही तिथे तो डेटा कुठे उतरवायचा, हा भाग वेगळा. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट'चं काम. तीन-चार वर्षांपूर्वी स्वतः नीट दिलेला मुलगा शिकवतो, तेव्हा तो अभ्यासाबरोबर फॉर्मही शिकवतो. कुठे थांबायचं, कोणती फेरी सोडायची, कोणत्या खिडकीवर आधी जायचं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या घरात नेमका हाच माणूस नसतो. यवतमाळहून राजू केंद्रे यांनी उभं केलेलं 'एकलव्य'चं कामही याच जातीचं.

पैशाबद्दल थोडक्यात. योजना आहेत, आणि कमी नाहीत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह मिळालं नाही तर आदिवासी मुलांना 'स्वयम्', अनुसूचित जातींना 'स्वाधार', आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ. अडचण रकमेची कमी आणि वेळेची जास्त. प्रवेश ऑगस्टमध्ये, वसतिगृहाची यादी त्यानंतर, स्वयम्‌चा हप्ता त्याच्याही नंतर. त्या मधल्या महिन्यांत खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे कुठून आणायचे? २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मुलं मेसऐवजी खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे चालत निघाली, ती याच अनुभवातून. म्हणून मी पालकांना सांगतो, तेंदूच्या पैशातून आधी चार महिन्यांचं जेवण बाजूला काढा, मोबाइल नंतर.

सगळ्या अर्जांना फक्त गुण आणि दाखले लागतात असंही नाही, आणि या वेगळ्या वाटेकडे आमची मुलं फार कमी वळतात. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आहे आणि ती मराठीतही देता येते. अमरकंटकचं इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ तिच्यातूनच गाठता येतं. अझीम प्रेमजी विद्यापीठ बंगळुरूला होतं, २०२३ पासून भोपाळलाही आहे. तिथे मुलाखत होते आणि घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती मिळते. मुलाखतीत विचारतात, तुझ्या गावाबद्दल सांग. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशात मिळालेल्या पहिल्यांपैकी. त्या परिसरातलं मूल ग्रामसभेत बसून बांबूच्या विक्रीचा हिशेब ऐकत मोठं झालेलं असतं. दिल्लीच्या शाळेतला मुलगा जे प्रकल्प म्हणून करतो, ते त्याने घरचं काम म्हणून केलेलं असतं. पण हे सांगण्यासारखं आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एका मुलाला मी मुलाखतीच्या तयारीसाठी विचारलं, "सुट्टीत काय करतोस?" तो म्हणाला, "काही नाही सर, घरीच." बरंच खोदल्यावर कळलं की गेली दोन वर्षं फळीवरचा हिशेब तोच लिहितो, दोनशे घरांचा.

एटापल्लीच्या त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. आडनावाचं प्रतिज्ञापत्र झालं, कोतवाल पंजीत पणजोबा सापडले, आणि पडताळणीचा अर्ज गेला. त्या वर्षीची नर्सिंगची फेरी हातून गेली. तिने वर्ष थांबायचं ठरवलं, घरी राहून पुन्हा परीक्षा दिली, आणि दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याआधी वैधता प्रमाणपत्र तिच्या हातात होतं.

ते दाखवायला वडील तिला घेऊन माझ्याकडे आले, सोबत धाकटा मुलगा. तो आठवीत. वडिलांनी विचारलं, "याचे किती कागद लागतीन जी?" मी सांगितलं, बहिणीची व्हॅलिडिटी निघाली आहे, सख्ख्या रक्तनात्यातली. याच्या अर्जात तोच सर्वांत मोठा पुरावा, आणि तुमच्या भावांच्या पोरांनाही तो चालेल. ते थोडा वेळ गप्प बसले. मग खाली जाऊन प्रमाणपत्राच्या झेरॉक्स काढून आणल्या. मी म्हटलं होतं दोन. त्यांनी अकरा आणल्या होत्या.

"वाड्यावर पोरं अकरा हायेत," ते म्हणाले, आणि पहिली प्रत धाकट्याच्या कोऱ्या फाइलीत घातली. फाइलीवर नाव कसं लिहायचं हे मुलीने आधी टीसीवर पाहून घेतलं.